गोष्ट बर्फ पडल्यावर

मैत्रिणींनो, हा लेख खरं म्हणजे गेल्या वर्षीच्या मे महिन्यातच तुमच्या हाती पडायचा होता. तो का पडला नाही, हे सांगायचं म्हणजे माझीच फजिती सांगणं आलं. पण आपल्या आपल्यात कसला आलाय संकोच?

त्याचं असं झालं. मी आठवड्यातले तीन दिवस अर्धवेळ शाळेत शिकवते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पाचवीचं मराठी आणि मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे असतो. वर्गाच्या भिंतीवर मूल्यांचा छानसा रंगीत तक्ता आहे. मुलांना तो इतका तोंडपाठ आहे, की ‘श्रमप्रतिष्ठा’ म्हणता म्हणता ती आपलं दप्तर खुशाल शेजारच्याच्या खांद्यावर टाकून मोकळी होतात!

माझी धाकटी बहीण कॅनडात, थंडर बे शहरात राहते. लेक सुपीरियर नावाच्या प्रचंड सरोवराच्या काठावर. आपल्या महाराष्ट्राचे चार भाग केले तर त्यातल्या एका भागाहून हे सरोवर मोठं आहे, म्हणजे बघा! एकदा भाचीने फोनवर मला तिच्या वर्गातला तक्ता दाखवला. त्यावरही सात मूल्यं, आणि प्रत्येकाशेजारी एकेक प्राणी. गरुड प्रेमाचा, अस्वल धैर्याचं, लांडगा नम्रतेचा, कासव सत्याचं. बीव्हर म्हणून पाण्यात धरण बांधणारा एक प्राणी असतो, तो शहाणपणाचा. का, तर त्याचे दात सारखे वाढत असतात. ते वापरून लाकूड कुरतडलं नाही, तर तेच त्याच्या जिवावर उठतील. मिळालेला गुण वापरणं हेच शहाणपण. ही म्हणे तिथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांची ‘सात आजोबांची शिकवण’.

मी मनात म्हटलं, वा! लेख आयताच मिळाला. सात मूल्यं, एक गोष्ट, खाली तात्पर्य. बहिणीला म्हटलं, “तिथल्या एखाद्या आजीबाईंना विचारून त्यांची एक गोष्ट पाठव ना. लहानशी चालेल. सोमवारी मजकूर द्यायचाय.”

दोन दिवसांनी तिचा फोन आला. “ताई, गोष्ट नाही मिळायची. शाळेच्या वाचनालयात एक अनिशिनाबे आजी येतात, त्यांना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बर्फ पडल्यावर या.”

मला रागच आला हो! गोष्टीला कसला आलाय हंगाम? ती काय कैरी आहे?

पण रागाच्या भरात वाचायला बसले आणि हळूहळू कळत गेलं, की चूक माझीच होती. काय कळलं, ते आज तुम्हांला सांगते.

अनिशिनाबे म्हणजे एकच एक जमात नव्हे. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी अशा भाऊबंद लोकांचं हे मिळून नाव. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर जी पाच मोठी सरोवरं आहेत, त्यांच्या भोवती त्यांची वस्ती. आज ओंटारिओ, मॅनिटोबा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन अशी त्या मुलखाची नावं आहेत. त्यांच्या भाषेचं नाव अनिशिनाबेमोविन.

या लोकांत गोष्टींचे दोन प्रकार. एक ‘दिबाजिमोविन’, म्हणजे घडलेली हकिगत, बातमी, आठवण. ती केव्हाही सांगावी. दुसरा ‘आदिझोकान’, म्हणजे पूर्वापार चालत आलेली पवित्र कथा. ती फक्त हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असताना सांगायची. वसंतात मेपलच्या झाडाचा रस काढून साखर करायची, उन्हाळ्यात मासेमारी, उन्हाळा सरताना सरोवरात उगवणारा मनोमिन नावाचा रानभात झोडपून गोळा करायचा. तेव्हा बसायला सवड कुणाला? रात्र मोठी आणि काम थोडं, असा काळ हिवाळ्याचाच. शिवाय थंडीत निजलेले जीव आपल्याबद्दलच्या गोष्टी ऐकून दुखावत नाहीत, असाही एक समज आहे. आणि खरं सांगा, आपण तरी श्रावणातल्या कहाण्या दिवाळीत वाचतो का?

आणखी एक गंमत. आपल्या व्याकरणात तीन लिंगं. त्यांच्या भाषेत नामांचे दोन गट, सजीव आणि निर्जीव. त्यात ‘आदिझोकान’ म्हणजे कथा ही सजीव गटात आहे. आणि ‘देवेइगन’ म्हणजे ढोल, तोही सजीव. ज्यांना ढोल नि गोष्ट जिवंत वाटतात, त्यांनी ती सोमवारपर्यंत पोस्टाने पाठवावी, अशी माझी अपेक्षा होती!

या कथांमध्ये नानाबोझो नावाचा एक पुरुष आहे. अर्धा देवमाणूस, अर्धा खोडकर. तो लोकांचा गुरू, पण स्वतः हावरट, बढाईखोर, पावलोपावली फसणारा. मुलं त्याला हसून हसून बेजार होतात. सांगणारी आजी मात्र शेवटी ‘यावरून बोध काय घ्यायचा?’ असं विचारत नाही. सहा वर्षांच्या मुलाला त्यात नुसती फजिती दिसते; तोच मुलगा सोळाव्या वर्षी तीच गोष्ट पुन्हा ऐकतो, तेव्हा त्याला स्वतःची हाव दिसते. म्हणून तीच गोष्ट दर हिवाळ्यात पुन्हा सांगायची. बोध मुलाच्या आत आपला आपण पिकतो.

आणि त्या सात शिकवणी तरी कशा? प्रेमाला त्यांचा शब्द ‘झागिइदिविन’. त्या शब्दातच ‘एकमेकांवर’ हा अर्थ आहे. एकट्याने करायचं प्रेम त्यात बसतच नाही. सातांतली एकही सुटी काढून घ्यायची नाही, असंही ते मानतात. प्रामाणिकपणा आहे पण नम्रता नाही, तर त्या प्रामाणिकपणाचा बाण होतो. हे काही तक्त्यावरून पाठ करून येत नाही, मैत्रिणींनो. त्याला मांडी लागते, आवाज लागतो, आणि तेच ते शंभरदा सांगणारं कुणीतरी घरात लागतं.

आता जे सांगायचं आहे, ते एका आईने दुसऱ्या आईला सांगावं तसं सांगते. ते घरातलं ‘कुणीतरी’च काढून घेतलं तर?

कॅनडात शंभर वर्षांहून अधिक काळ तेच झालं. सरकारने पैसे द्यायचे, बहुतेक शाळा चर्चच्या मंडळींनी चालवायच्या, आणि मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून तिथे ठेवायचं. अशा निवासी शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली. मातृभाषेत बोललं की शिक्षा. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चं दशक सरत आलं. अमेरिकेतही अशा शाळा होत्या. घरी राहिलेल्या मोठ्यांवरही बंधनं होतीच. कॅनडात १८९५ च्या कायद्याने कित्येक विधी आणि त्यांतली नृत्यं गुन्हा ठरली होती, ती कलमं १९५१ साली गेली.

बेसिल जॉन्स्टन हे पुढे मोठे ओजिब्वे लेखक झाले. १९३९ साली त्यांना अशा शाळेत नेलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. सोबत धाकटी बहीण, वय वर्षं चार. चार वर्षांची मुलगी म्हणजे वेणीची रिबीन स्वतःची स्वतःला बांधता येत नाही, ते वय.

आणि चेनी वेन्जॅक. हा बारा वर्षांचा अनिशिनाबे मुलगा. शाळेत त्याचं नावसुद्धा बदलून ‘चार्ली’ केलं होतं. ऑक्टोबर १९६६ मध्ये तो केनोरा गावाजवळच्या शाळेतून घरी जायला म्हणून पळाला. घर सुमारे ६०० किलोमीटर दूर! ते इतकं दूर आहे याची त्याला कल्पना नसावी. अंगात पातळसं जाकीट. रेल्वेच्या रुळांच्या कडेने तो चालत राहिला. थंडी, पाऊस, बर्फ. २३ ऑक्टोबरला रुळांशेजारी त्याचा देह सापडला. हे वाचल्यावर मी उठून मुलांच्या अंगावरची पांघरुणं सारखी करून आले. दुसरं काय करणार?

जी मुलं घरी परतली, त्यांचंही दुःख निराळंच. आजी अनिशिनाबेमोविनमध्ये गोष्ट सांगते आणि नातवाला ती भाषाच येत नाही! मग या नातवंडांची मुलं झाली, तेव्हा त्यांच्यापाशी सांगायला काय होतं? माळेचा एक मणी निसटला की पुढचे सगळे घरंगळतात.

पण याच पिढीतल्या माणसांनी ते मणी वाकून वाकून गोळा केले. बेसिल जॉन्स्टन यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या कथा लिहून काढल्या. १९७६ साली त्यांचं ‘ओजिब्वे हेरिटेज’ हे पुस्तक आलं. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात एडवर्ड बेंटन-बनाई यांनी मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी ‘रेड स्कूल हाऊस’ ही शाळा काढली, आणि १९७९ साली ‘द मिशोमिस बुक’ लिहिलं. मिशोमिस म्हणजे आजोबा. ते पुस्तक आजोबा नातवंडांशी बोलावेत तसं लिहिलेलं आहे. ज्या मुलांचे आजोबा गप्प केले गेले होते, त्यांच्यासाठी हे छापील आजोबा! भाचीच्या वर्गातला तो तक्ता आज जिकडेतिकडे दिसतो, त्यामागे या पुस्तकाचा मोठा हात आहे.

पुढे या शाळांची चौकशी करायला कॅनडात सत्य आणि समेट आयोग बसला. त्याचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर हे स्वतः अनिशिनाबे न्यायाधीश. आयोगाने २०१० ते २०१४ या काळात देशात सात मोठे मेळावे भरवले, त्या शाळांत शिकलेल्यांनी आपली कहाणी लोकांसमोर सांगावी म्हणून. आणि एकेका मेळाव्याला एकेका शिकवणीचं नाव दिलं. म्हातारी झालेली ती मुलं ‘धैर्य’ आणि ‘सत्य’ या नावांखाली उभी राहून बोलली.

तुम्ही म्हणाल, भाषाच गेली तर मुलांना शिकवायचं कसं? तर गाण्याने, बरं का. ज्या भाषेत चार वाक्यं बोलता येत नाहीत, त्या भाषेतलं गाणं मात्र म्हणता येतं. कित्येक गाण्यांत तर अर्थाचे शब्द थोडे आणि नुसते स्वर जास्त. लहान मूल तेवढ्यावर सामील होतं. ढोलाच्या ठोक्याला ते लोक धरतीच्या काळजाचा ठोका म्हणतात. मिनेसोटातल्या फॉन्ड डू लॅक वस्तीतल्या लिझ जाकोला या गायिका आणि संगीतशिक्षिका. त्यांनी बायकांचा एक गट जमवला, ‘ओश्की गिझिक सिंगर्स’. बायका हातातल्या डफावर एकत्र गातात. त्या गात असताना शेजारी खेळणाऱ्या लेकरांच्या कानावर भाषा आपोआप पडतेच ना!

आता एक खास तुमच्यासाठी. त्यांच्याकडे बायकांचा एक नाच आहे, झुमक्यांच्या झग्याचा. झग्यावर पत्र्याचे शेकडो छोटे शंकू ओळीने शिवलेले असतात. पूर्वी ते तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांपासून वळत. पाऊल उचललं की पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. हा नाच आला साधारण १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत. त्याच साथीने आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. सांगतात ते असं, की एका बापाची लेक आजाराने निपचित पडली होती. त्याच्या स्वप्नात हा झगा आणि ही पावलं आली. झगा शिवून मुलीला घातला, ती नाचली आणि बरी झाली. मिनेसोटातले मिल लॅक्स आणि ओंटारिओतले व्हाईटफिश बे, दोन्हीकडचे लोक ही गोष्ट आपल्याकडची म्हणून सांगतात. तेव्हापासून हा नाच आजाऱ्यांसाठी नाचायचा. २०२० साली करोनाने सगळी घरात कोंडली गेली, तेव्हा बायकामुलींनी आपापल्या अंगणात, रस्त्यावर हा झगा घालून नाच केला आणि फोनवरून एकमेकींना पाठवला. शंभर वर्षांपूर्वीची शिकवण आजच्या पोरींनी वापरली ती अशी.

आणि पाणी! अनिशिनाबे परंपरेत पाणी सांभाळायचं ते बायकांनी. २००३ साली जोसेफिन मँडामिन या आजी तांब्याच्या बादलीत सरोवराचं पाणी घेऊन लेक सुपीरियरला प्रदक्षिणा घालायला निघाल्या. पायी! बादली एका बाईच्या हातून दुसरीच्या हाती, दिवस मावळेपर्यंत पाणी थांबवायचं नाही. सोबत पाण्याची गाणी. पुढच्या वर्षांत त्या पाचही सरोवरांभोवती चालल्या. कुणाला उपदेश केला नाही. बघणाऱ्यांना जे कळायचं ते कळलं. त्यांच्या नात्यातली नात, ऑटम पेल्टिएर, हे बघत वाढली. २०१८ साली तेरा वर्षांची असताना तिने संयुक्त राष्ट्रसंघात पाण्यासाठी भाषण केलं. २०१९ मध्ये आजी गेल्या, आणि अनिशिनाबेक नेशन या त्यांच्या संघटनेने आजींचं पाणी-आयुक्ताचं काम त्या मुलीकडे सोपवलं. बादली हातोहात पुढे गेली म्हणायची.

आता माझ्या फजितीचा शेवट. नोव्हेंबरात थंडर बेला बर्फ पडलं. आजी वाचनालयात आल्या, मुलं भोवती बसली, गोष्ट झाली. मी टपूनच होते! त्याच रात्री भाचीला फोन लावला. “सांग गं मला आता ती गोष्ट.” ती म्हणाली, “मावशी, ती आजींची गोष्ट आहे. त्यांनी मला ऐकायला दिली, सांगायला नाही दिली. तू इकडे ये ना, हिवाळ्यात.”

दहा वर्षांची पोर! मी गप्पच झाले. ‘आदर’ हा तक्त्यावरचा शब्द होता, तो तिच्या तोंडून असा आला. तेव्हा मैत्रिणींनो, या लेखात तुम्हांला गोष्ट मिळायची नाही. मी सांगितली ती हकिगत, केव्हाही सांगता येणारी.

फोन ठेवला आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्या तांदूळ निवडताना ओव्या गुणगुणतात. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या. लग्न होऊन आल्यापासून मी कितीदा म्हटलंय, “आई, जरा हळू हं, मुलांचा अभ्यास चाललाय.” हळूहळू त्यांनी दार लावून घ्यायला सुरुवात केली. तिकडे सरकारने मुलं उचलून नेली. त्याची नि माझ्या घरची बरोबरी मी करत नाही, तसं करणं पाप होईल. पण मला कुणी सक्ती केली होती? आमच्या घरातलं दार मी आपल्या हाताने लावलं.

म्हणून या वेळी स्वयंपाकघरातली युक्ती नाही, तीन साध्या गोष्टी सांगते. मी करून बघते आहे.

एक, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला ‘मुलांना काहीतरी चांगलं सांगा’ असं सांगू नका. नुसतं तिच्या कामाशेजारी मुलांना बसवा. शेंगा सोलताना, वाती वळताना. हात गुंतले की तोंड सुटतं.

दुसरं, एखादी गोष्ट, एखादं गाणं ठरावीक वेळेसाठीच राखून ठेवा. पहिल्या पावसाची एक, थंडीची एक. मुलं वाट बघतात. वाट बघितलेलं विसरत नाहीत.

तिसरं सगळ्यांत कठीण, निदान माझ्यासारख्या मास्तरणीला. गोष्ट संपली की गप्प बसा. तात्पर्य सांगू नका.

मी दप्तरातल्या टाचणांतून ‘तात्पर्य’ हा रकाना काढून टाकलाय. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही!

परवा संध्याकाळी दिवे गेले. सासूबाई अंधारात ओवी म्हणत होत्या. धाकटी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मधेच तिने विचारलं, “आजी, म्हणजे काय गं?” मी सवयीने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. सासूबाई म्हणाल्या, “उद्या परत म्हणीन, तेव्हा बघ.” आणि पुढची ओवी सुरू केली.